दुसऱ्या अल्बमवर आलेल्या समीक्षा कशा वाचायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या चौघांच्या एका इंडी (मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र) रॉक बँडचा दुसरा अल्बम दोन महिन्यांपूर्वी आला. नऊ गाणी, त्यांतली सात इंग्रजी आणि दोन मराठी. चार ठिकाणी त्यावर लिहून आलं. एकीनं दहापैकी सहा गुण दिले आणि म्हटलं, ‘गाणी सुटी चांगली आहेत, पण सलग ऐकताना एकमेकांत मिसळतात. आठव्या गाण्यात ड्रम थांबतात तिथे पहिल्यांदा श्वास घेता येतो.’ दुसऱ्यानं ‘पुण्याच्या मातीतला ताजातवाना आवाज’ म्हणत साडेचार तारे दिले. तिसऱ्याची तक्रार होती की गायिकेचा आवाज गिटारांखाली गाडला गेलाय. शिवाय त्यानं दोन परदेशी बँडशी तुलना केली. चौथ्यानं लिहिलं की मराठी गाणी इंग्रजी चालीवर बसवल्यासारखी वाटतात. बाकी कुणी दखल घेतली नाही. बँडची बासिस्ट विचारते: यातलं कुणाचं खरं मानायचं, कुणाला उत्तर द्यायचं का, आणि पुढच्या अल्बमसाठी काही बदलायचं का?

मी बरीच वर्षं मिक्सिंग टेबलावर काम केलंय आणि त्याच काळात अल्बमवर लिहीतही आलोय. दोन्ही बाजूंनी बघून माझं उत्तर असं: गुण आणि तारे झाकून ठेवा आणि प्रत्येक समीक्षेतली फक्त ती वाक्यं वहीत उतरवा, जी अल्बम न ऐकता लिहिताच आली नसती. समीक्षेतला बँडच्या उपयोगाचा भाग तेवढाच असतो. आपला अल्बम एका लक्षपूर्वक ऐकणाऱ्या परक्या माणसाला कसा ऐकू आला, हे त्या वाक्यांतून कळतं. ते सांगायला घरचे येत नाहीत, मित्र येत नाहीत आणि स्ट्रीमिंगचे आकडे तर नाहीच नाही.

ही कसोटी लावली की साडेचार ताऱ्यांच्या समीक्षेत बहुधा काहीच उरणार नाही. ‘पुण्याच्या मातीतला ताजातवाना आवाज’ हे वाक्य तुमच्याच प्रेस नोटमध्ये आहे का, बघा. नसेल तर त्याच्या जवळपासचं काहीतरी असेल. लिहिणाऱ्यानं वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. ज्याला आठवड्याला पंधरा-वीस लिंक येतात आणि मोबदला जवळपास शून्य मिळतो, तो प्रेस नोटचा आधार घेतो. ती समीक्षा पोस्टरवर छापा, गिग मिळवायला वापरा. पण तिच्यातून शिकण्यासारखं काही नाही, आणि तिच्यावर खूष होऊन बाकीच्या तिघांना मत्सरी ठरवणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे.

आता सहा गुणवालीकडे या. आठव्या गाण्यात ड्रम थांबतात हे तिला माहीत आहे, म्हणजे ती आठव्या गाण्यापर्यंत पोचली. तुमच्या ओळखीतले किती जण पोचले? चार समीक्षांपैकी ही सगळ्यात मौल्यवान आहे. ‘गाणी एकमेकांत मिसळतात’ हे वाचल्यावर बँडची पहिली प्रतिक्रिया असते, ‘पण आमचा एक सलग मूड होता!’ असेल. तरी एका कागदावर नऊ ओळी आखा. प्रत्येक गाण्यापुढे टेम्पो, सूर, गिटारचं ट्यूनिंग, पहिला शब्द कितव्या सेकंदाला येतो आणि ड्रम कुठे थांबतात किंवा पातळ होतात ते लिहा. मी असे तक्ते बँडसोबत बसून केले आहेत आणि बहुतेक वेळा उत्तर त्या कागदावरच दिसतं. गाणी मिनिटाला 118 ते 126 ठोक्यांच्या टेम्पोमध्ये अडकलेली असतात. गिटारवर मोकळ्या तारा वाजवायला सोप्या म्हणून अर्धा अल्बम ई किंवा डी मध्ये असतो. प्रत्येक गाणं गिटारच्या चार बारनं सुरू होतं. ड्रम एकाच दिवशी, एकाच खोलीत, त्याच माइक मांडणीत रेकॉर्ड झालेले असतात, कारण स्टुडिओचं भाडं तासावर असतं आणि सगळ्यांच्या सुट्ट्या एकाच शनिवार-रविवारी जुळतात. यातली एकही गोष्ट एकटी चूक नाही. पण चारही एकत्र आल्या की ऐकणाऱ्याला पाचव्या गाण्याशी कुठलं गाणं चालू आहे ते कळेनासं होतं. क्रम बदलूनही यातलं बरंच सुधारतं. तुमचं आठवं गाणं चौथ्या जागी असतं तर कदाचित तिनं ते वाक्य लिहिलंही नसतं.

आवाज गाडला गेल्याची तक्रार एकानंच केली आहे. तरी ती मी सगळ्यात गंभीर मानेन, कारण ती तपासता येते आणि बँडला स्वतःहून ती कधीच ऐकू येत नाही. शब्द तुम्हाला पाठ आहेत, म्हणून मिक्समध्ये ते अर्धे बुडाले तरी तुमचा कान ते भरून काढतो. ज्यानं तुमचं गाणं कधी ऐकलं नाही अशा माणसाला हेडफोन द्या आणि दुसरं कडवं जसं ऐकू येईल तसं लिहायला सांगा. मग फोनच्या स्पीकरवर, मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून), तेच करा. पानावर गाळलेल्या जागा पडल्या तर समीक्षक बरोबर होता. कारण साधं असतं: व्यंजनं ओळखू येतात ती साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेली, गिटारही तिथेच ठाण मांडते. उपायही अवघड नाहीत. दोन्ही गिटार डावी-उजवीकडे ढकलून मध्य मोकळा ठेवायचा, त्या पट्ट्यात त्यांना थोडं खाली आणायचं, आवाजावरचा लांब रिव्हर्ब (घुमारा) काढून छोटा डिले (प्रतिध्वनी) लावायचा, आणि ओळीगणिक फेडर, म्हणजे आवाजाच्या पातळीची सरकपट्टी, हातानं वरखाली करायचा. शेवटचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून राहून जातं.

याला जोडून एक गोष्ट, कारण ती मला सतत भेटते. मास्टर, म्हणजे अल्बमची अंतिम ध्वनिप्रत, जितका जोरात तितका अल्बम ‘मोठा’ वाटेल या समजुतीनं लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन) दाबला जातो. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी -14 लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक) आसपास आणतं. तुमचा मास्टर -8 वर असेल तर तो सहा डेसिबलनं खाली ओढला जातो आणि स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रमचा टणत्कार तर तुम्ही आधीच चिरडलेला असतो. मग समीक्षक ‘थकवणारा’ असं लिहितो. त्याला लफ्स माहीत नसतात, थकवा मात्र खरा असतो.

तुलनांचं फार मनावर घेऊ नका. चारशे शब्दांत नऊ गाणी मांडायची तर दोन ओळखीची नावं घेणं हा लिहिणाऱ्याचा आडमार्ग असतो. वाचकाला झटकन दिशा कळते. पाहायचं एवढंच की तुलना कशाबद्दल आहे. गिटारच्या पोताबद्दल असेल तर ठीक, तो पोत पेडलनं (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या उपकरणानं) येतो आणि पेडल सगळ्यांकडे तेच आहेत. तुलना गाण्याच्या रचनेबद्दल असेल, म्हणजे कडवं-कोरस कुठे वळतं, कोरस कुठल्या शब्दावर चढतो याबद्दल, तर ते गाणं पुन्हा ऐका. आणि वेगवेगळ्या शहरांतल्या दोघांनी एकाच गाण्याजवळ एकच नाव घेतलं तर मान्य करा.

चौथ्याचं वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं असणार, कारण मराठी ही तुमची भाषा आहे आणि तो माणूस बहुधा दिल्ली-बंगळुरूचा आहे. ‘त्याला काय कळतं मराठी’ हा राग मी समजू शकतो. पण न कळणाऱ्यालाच हे आधी ऐकू येतं, कारण त्याच्यापर्यंत अर्थ पोचत नाही, फक्त नाद पोचतो. इथे जरा थांबतो.

रॉकमध्ये स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. इंग्रजी शब्दांत एका अक्षरावर बोलण्यातच आघात असतो आणि गीतकार तो आघात ठोक्याशी जुळवतो. मराठीत असा ठसठशीत आघात नाही; आपल्याकडे वजन ऱ्हस्व-दीर्घावर, लघु-गुरूवर चालतं. बहुतेक बँड चाल आधी बांधतात, जॅम रूममध्ये गायिका काहीतरी इंग्रजीसारखं पुटपुटते, आणि नंतर त्या साच्यात मराठी शब्द कोंबले जातात. मग ‘घर’मधला बिचारा अ तीन ठोके ताणला जातो, ‘मन’ चौथ्या ठोक्यावर आदळतं आणि ‘आठवण’चा ण श्वासात हरवतो. मराठी माणूस अर्थाच्या आधारानं हे सोसून घेतो. परक्याला फक्त साचा ऐकू येतो. म्हणून ‘इंग्रजी चालीवर बसवल्यासारखी’.

यावर मार्ग आपल्याच परंपरेत आहेत. धाकट्या अभंगाचे आठ-आठ अक्षरांचे चरण चार ठोक्यांच्या बारमध्ये आठ एट्थ नोटवर, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ठोक्यावर, सरळ उतरतात. तुकोबांचे अभंग गिटार आणि बेसवर गाणाऱ्या अभंग रिपोस्ट या बँडला ऐकताना ते ताणलेले वाटत नाहीत, त्याचं एक कारण हेच. मोठ्या अभंगाचा सहा-सहा-सहा-चार हा आकृतिबंध तर आणखी मजेचा आहे, कारण तो शेवटचा तोकडा चरण आपोआप जागा सोडतो आणि तिथे बेसला बोलता येतं. ओवी याहून सैल आहे, जात्याच्या फेऱ्यावर वाढलेली, आणि सैल ड्रमवर ती फार सुंदर बसेल असं मला मनापासून वाटतं. कुणीतरी करून बघायला हवं. अभंगच गा असं माझं म्हणणं नाही. पण पुढच्या वेळी एका गाण्याचे शब्द आधी लिहा, ते मोठ्यानं म्हणा, टाळी द्या आणि मग ड्रमर बसवा. ओळीचा शेवट आ, ए, ओ अशा लांबवता येणाऱ्या स्वरावर ठेवा. तुमच्या दोन मराठी गाण्यांपैकी दुसऱ्यात हे नकळत साधलंय, विशेषतः शेवटच्या कडव्यात. पहिल्यात नाही.

गुणांबद्दल आता थोडं, कारण ‘सहा’ तुमच्या डोक्यातून जाणार नाही हे मला ठाऊक आहे. दशांशात गुण द्यायची सवय इंडी जगाला पिचफोर्क या अमेरिकी संगीत-समीक्षेच्या वेबसाइटनं लावली. 2000 मध्ये त्यांनी रेडिओहेड या बँडच्या ‘किड ए’ अल्बमला 10.0 दिले, तर त्याच अल्बमला ब्रिटनच्या मेलडी मेकर या साप्ताहिकानं झोडपलं होतं. 2004 मध्ये आर्केड फायरच्या ‘फ्युनरल’ला 9.7 मिळाले आणि एका छोट्या लेबलवरचा बँड काही महिन्यांत सगळीकडे पोचला. म्हणजे आकड्यात ताकद होती, यात शंका नाही. पण 2021 मध्ये पिचफोर्कनंच 19 जुन्या समीक्षांचे गुण बदलून दाखवले: लिझ फेअरचा 2003चा अल्बम 0.0 वरून 6.0 वर गेला आणि इंटरपोलचा पहिला अल्बम 9.5 वरून 7.0 वर आला. आकडा हा त्या दिवसाचा, त्या माणसाचा असतो. मेटाक्रिटिकसारखी ठिकाणं अशा वेगवेगळ्या मापांची भारांकित सरासरी काढतात. अक्षरी श्रेणी, तारे, दशांश सगळं शंभरात बसवतात. त्या सरासरीतून तुमच्या तिसऱ्या गाण्याबद्दल काहीही कळत नाही.

इथे लोक हमखास वीझर या अमेरिकी बँडच्या ‘पिंकर्टन’ अल्बमचं उदाहरण देतात. ते नीट समजून घ्या. 1994च्या यशस्वी पहिल्या अल्बमनंतर 1996 मध्ये तो आला, खरखरीत आणि फार खासगी. त्या वर्षी रोलिंग स्टोनच्या वाचकांनी त्याला वर्षातला तिसरा सर्वांत वाईट अल्बम ठरवलं. 2002 मध्ये त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला सर्वकालीन अल्बमच्या यादीत सोळावं स्थान दिलं. मधल्या काळात गीतकार रिव्हर्स क्युओमोनं मात्र त्या अल्बमकडे पाठ फिरवली होती आणि 2001चा पुढचा अल्बम मोजूनमापून, स्वतःला फारसं उघडं न करता लिहिला होता. ‘समीक्षक चुकतात, काळ न्याय देतो’ असा निष्कर्ष यावरून लोक काढतात. तो मला पटत नाही. त्या वर्षी झोडपले गेलेले बहुतेक अल्बम आज कुणी ऐकत नाही, आणि त्यांतले बरेच खरंच फसलेले होते. मला यात दिसतं ते वेगळं: लोकांना न आवडलेला भाग आणि अल्बममधला सगळ्यात जिवंत भाग एकच असू शकतो, आणि घाईनं तो कापून टाकला तर पुढे तो परत येत नाही. म्हणून तक्रार ऐकून काही बदलण्याआधी ठरवा की ती कारागिरीबद्दल आहे की तुमच्या स्वभावाबद्दल. गाडलेला आवाज ही कारागिरी. गायिका ओरडत नाही, कुजबुजते, हा स्वभाव. पहिली दुरुस्त करा, दुसऱ्याला हात लावू नका.

विल्को या अमेरिकी बँडची गोष्ट मला यापेक्षा उपयोगी वाटते. ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ हा त्यांचा अल्बम 2001 मध्ये रिप्रीज या लेबलनं नाकारला. बँडनं मूळ रेकॉर्डिंगचे हक्क आपल्याकडे घेतले, सप्टेंबरमध्ये अख्खा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर ऐकायला ठेवला आणि दौऱ्यावर गेला. समोरच्या लोकांना शब्द पाठ होते. एप्रिल 2002 मध्ये नॉनसच लेबलनं तो काढला आणि समीक्षकांनी डोक्यावर घेतला. मिक्स त्यांनी कुणाच्या नकारामुळे बदलला नव्हता.

आता शांततेबद्दल. बाकी कुणी लिहिलं नाही याचं तुम्हाला जास्त वाईट वाटतंय असं प्रश्नावरून दिसतं, आणि ते रास्त आहे. आपल्याकडे रॉकवर नियमित लिहिणारी माणसं कायमच थोडी होती. 1993 मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक सुरू केलं. 2008 मध्ये रोलिंग स्टोन इंडिया आलं. डिसेंबर 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला आणि त्या लाटेत कितीतरी ब्लॉग निघाले, त्यांतले बरेच बंद पडले. परदेशातही तेच चाललंय. पिचफोर्कला जानेवारी 2024 मध्ये मालक कंपनी कॉन्डे नास्टनं जीक्यू मासिकात सामावून घेतलं. त्यामुळे न लिहिणं म्हणजे नापसंती असं मुळीच नाही. बहुतेक वेळा लिहायला माणूसच नसतो.

पण पुण्याबद्दल मला खरंच दुःख होतं. हे ऐकणाऱ्यांचं शहर आहे. 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव चालतो, डिसेंबरात वर्तमानपत्रांत रोजच्या मैफलीवर लिहून येतं, आणि मंडपाबाहेर चहा पिताना लोक कालच्या गायकाच्या तिसऱ्या सप्तकातल्या षड्जावर वाद घालतात. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींत कॉलेजची पोरं रात्र रात्र जागून नव्या चाली बांधतात. एवढा कान असलेल्या शहरात कोथरूडच्या जॅम रूममध्ये तयार झालेल्या अल्बमवर मराठीत चार परिच्छेद छापून येत नाहीत. अग्नीसारखा बँड इथून निघून देशभर ऐकला गेला, तरी मराठीत रॉकची समीक्षा रुजली नाही. तुमच्या चारही समीक्षा इंग्रजी आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का?

म्हणून पुढच्या वेळी यादी बदला. रिलीजच्या चार ते सहा आठवडे आधी खासगी लिंक पाठवा. रिलीजनंतर पाठवलेल्या लिंकला उत्तर क्वचितच येतं. सोबत गाण्यांचे शब्द पाठवा, मराठी शब्द देवनागरीत, आणि इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी त्यांचा साधा अर्थ. कोणी काय वाजवलं, कुठे रेकॉर्ड केलं ते लिहा. विशेषणं सगळी काढून टाका, म्हणजे लिहिणाऱ्याला स्वतःची शोधावी लागतील. आणि मराठी पुरवण्यांत, दिवाळी अंकांत शास्त्रीय किंवा नाट्यसंगीतावर लिहिणाऱ्या एक-दोघांना आवर्जून पाठवा. त्यांना डिस्टॉर्शन खटकेल, कदाचित ते तसं लिहितीलही. पण शब्द सुरात कुठे तुटतो हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

उत्तर द्यायचं का? मताला नाही. तथ्य चुकलं असेल, एखाद्याचं नाव किंवा वाद्य चुकीचं छापलं असेल, तर दोन ओळींचं सभ्य पत्र पाठवा. लोक दुरुस्त करतात. मित्रांनी समीक्षकाच्या पोस्टखाली जाऊन भांडू नये, हे त्यांना तुम्हीच स्पष्ट सांगा, कारण तो त्रास शेवटी बँडच्या नावावर जमा होतो आणि पुढचा अल्बम उघडताना त्या माणसाला तेच आठवतं.

तिसऱ्या अल्बमची दोन-तीन गाणी कच्ची तयार झाली की मात्र त्या सहा गुणवालीला पाठवा. तिचं मत विचारू नका, आश्वासन मागू नका. फक्त लिहा की आठव्या गाण्यातल्या ड्रमबद्दलचं तुमचं वाक्य वाचून आम्ही क्रमाचा तक्ता केला, आणि यावेळी ड्रम दुसऱ्याच गाण्यात थांबतात.